अर्जदार मयत

१

लंकाबाई मयत असल्याचं मला कळलं, तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती.

टपालाने आलेल्या पाकिटात दोन कागद होते. पहिल्यावर माझ्या माहिती अधिकाराच्या अर्जाचा क्रमांक आणि ‘मागितलेली माहिती सोबत जोडली आहे’ एवढंच. दुसरी पोलीस चौकशीच्या अहवालाची झेरॉक्स. छापील रकान्यांखाली कुणीतरी हाताने लिहिलं होतं :

‘दिलेल्या पत्त्यावर समक्ष गेलो. घरास कुलूप. शेजारील दुकान बंद. अर्जात नमूद ओळखीच्या व्यक्तीस फोन केला असता, अर्जदार आज सकाळी मयत झाल्याचे समजले. सबब पुढील कार्यवाही नाही.’

खाली तारीख, सोळा सप्टेंबर. आज नोव्हेंबरची चोवीस होती.

“भाऊ, कसलं पत्र?” आतून आवाज आला.

“पासपोर्टचं.”

भाकरीची थाप थांबली. पिठाने माखलेले हात पुढे धरून ती दारात आली. “आला?”

तिची मुलगी संध्या मस्कतला परिचारिका होती. चौतीस वर्षांची. ऑगस्टमध्ये तिचं पोट दुखायला लागलं, तेव्हा ती फोनवर म्हणाली होती, “आई, थोडे दिवस येऊन राहा ना.” मीच लंकाबाईचा अर्ज भरला. लंकाबाईला वाचता येत नाही, आलेला मेसेज वाचून दाखवणारं घरात कुणी नाही, म्हणून मोबाइल नंबरही माझाच दिला. पुढे दुखण्याला नाव मिळालं. स्वादुपिंडाचा कर्करोग. आता तिला विमानात बसवता येत नव्हतं. आठ दिवसांपूर्वी तिच्याबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीने मला सांगितलं की, डॉक्टरांनी फार तर एक महिना म्हटलंय.

लंकाबाईला महिन्याचं ठाऊक नव्हतं. पण तिने त्यानंतर मला एकदाही ‘पोरगी बरी होईल ना’ असं विचारलं नव्हतं.

“नाही आला,” मी म्हणालो. “चूक झालीय त्यांची. तुम्ही वारलात असं लिहिलंय.”

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली. “बरंय की. मेलेल्या बाईच्या हातची भाकरी खा मंग. थंड होतीय.”

ती आत गेली. मी माझी रोजनिशी काढली. मी काही मोठं लिहीत नाही. दूध, औषध, वाचलेलं पान. सोळा सप्टेंबरला लिहिलं होतं : ‘लंकाबाई उशिरा. कपाळाला हळद.’

“लंकाबाई, पितृपक्षात एकदा तुमच्या कपाळाला लागलं होतं, ते कसं?”

“मालकांची तिथी होती. पत्र्यावर पान ठेवायला चढले आन् मेल्या कावळ्यानं पान सोडून मलाच टोचलं.” तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, “थोरल्या बहिणीला, साळूआक्काला, फोनवर सांगितलं. मी हसत होते, ती हसलीच नाय. काहून विचारता?”

“असंच,” मी म्हणालो. तेव्हा खरोखरच असंच विचारलं होतं.

२

न्यायालयातल्या वकिलांच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं पुस्तकं काढून दिली. कायदा कुठल्या कपाटात आहे ते मला माहीत. तो चालवायचा कसा हे दुसऱ्यांना. म्हणून मी तेजस्विनीकडे गेलो. वकिली सुरू केली तेव्हापासून ती माझ्याकडून पुस्तकं न्यायची.

तिने कागद वाचला आणि टेबलावर आपटला. “काका, माहिती मागितलीत कधी?”

“ऑक्टोबरच्या सोळाला.”

“तीस दिवसांच्या मुदतीत? जगण्यामरण्याचा प्रश्न असला तर अठ्ठेचाळीस तासांत माहिती द्यावी लागते, हे तुम्हीच मला शिकवलंत ना?”

“तेव्हा आजाराचं नक्की नव्हतं. उगाच मोठा शब्द कसा वापरायचा, असं वाटलं.”

तिने कागद पुन्हा उचलला. माझ्या वयाचा मान ठेवून तिने पुढचं गिळलं, हे मला समजलं.

मग तिने ठाण्यात फोन लावला आणि तो ठेवून बोटांवर एकेक उपाय मोजायला घेतला. पासपोर्ट नाकारला असता तर अपील करता आलं असतं, पण इथे कुणी नाकारलेलाच नाही. नुसता पडून आहे. परदेशी जाण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो, तेव्हा उच्च न्यायालयात रिट करता येईल, ‘ठरावीक दिवसांत निर्णय द्या’ असा आदेश मिळवता येईल. कार्यालयाला आजच नोटीस पाठवता येईल.

“रिट उद्या तयार करते. पण नंबर लागणार, तारीख पडणार, सरकारी वकील मुदत मागणार. तीन आठवडे धरा.”

“तेवढे नाहीत.”

“माहितीय. म्हणून दुसरी वाट. पोलीस ठाण्याने दुरुस्त अहवाल पाठवला तर आठवड्यात छापून येतो. तेच आत्ता ठाण्यात विचारलं. साहेब म्हणतात, बाई जिवंत दिसतेय हे खरं, पण आमच्या हवालदाराने खोटा अहवाल लिहिला असं आम्ही कसं म्हणू? ज्याने ती मेली असं सांगितलं, त्याचा लेखी जबाब आणा. त्याच दिवशी दुरुस्त करतो.”

“आणि त्याने दिला नाही तर?”

“आधी तो कोण ते शोधा. अर्जात ओळखीची माणसं दोन. शेजारी अमोल, किराणा दुकानवाला. आणि भाऊ खंडेराव, लासलगावचा. दोघांपैकी एकाने जिवंत बाईला मारलंय, काका. कोणाला तिचं जाणं नको होतं?”

३

अमोलचं दुकान लंकाबाईच्या खोलीला लागूनच, सातपूरला. मी पाव किलो साखर मागितली आणि मग विषय काढायचं धैर्य होईना म्हणून चहापूडही मागितली.

तेजस्विनीने ते काम केलं. “तुमचं आणि लंकाबाईंचं भांडण होतं म्हणे?”

“म्हणे काय, होतंच,” अमोल म्हणाला. “गच्चीवर कुरडया घालते आणि माझी पोरं खेळली की शिव्या. मार्चपासून बोलत नाही आम्ही. पण मॅडम, भांडलो म्हणून मरण सांगेन का? तिच्या पोरीने माझ्या आईला सलाईन लावलंय, घरी येऊन.”

“सोळा सप्टेंबरला पोलिसांचा फोन आला होता?”

“त्या दिवशी दुकान बंद. वडिलांचा पक्ष होता, आम्ही सगळे त्र्यंबकला. हा घ्या फोन, बघा.”

त्याने सप्टेंबरपर्यंत बोट फिरवून दाखवलं. सोळाला एकही अनोळखी नंबर नव्हता. खोडला असेल का, या विचाराने मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मलाच लाज वाटली.

आम्ही वळलो तसा तो म्हणाला, “एक विचारू? तिचा भाऊ बरा आहे ना डोक्याने?”

“का?”

“पक्षातच, आम्ही त्र्यंबकहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सकाळी आला. लुगडं घेऊन. पक्षात कोणी नवं लुगडं घेतं का? ही दारात उभी, आणि हा गडी तिचं तोंड दोन्ही हातांनी धरून ढसाढसा रडतोय. ती म्हणते, ‘दादा, येड लागलं का रं?’ बोलला काहीच नाही. चहा न घेता गेला.”

गाडीत बसल्यावर तेजस्विनी म्हणाली, “पश्चात्ताप. दुसरं काय असणार? फोनवर मारली आणि मग रडायला आला.”

मला ते पटलं नाही. पण माझ्या न पटण्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही बोललो नाही.

४

अहवाल लिहिणारे हवालदार निरभवणे आता त्र्यंबकेश्वरला बंदोबस्तावर होते. दर्शनाच्या रांगेच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले भेटले. निवृत्तीला सात महिने राहिलेले.

“मी घरबसल्या लिहिलं असं वाटतं ना तुम्हाला?” ते म्हणाले. “तसं करणारे आहेत. मी त्यातला नाही. त्या पत्त्यावर गेलो, अगदी दारापर्यंत. कुलूप. दुकान बंद. मग फोन केला.”

“दोघांपैकी कोणाला?”

“ते आता कसं आठवेल? त्या दिवशी अकरा अर्ज होते माझ्याकडे. पुरुष होता एवढं खरं. मी विचारलं, लंकाबाईंना ओळखता का? तर तो रडायलाच लागला. ‘माझी लंका गेली हो सकाळी.’ मॅडम, सत्तावीस वर्षं नोकरी झाली. पंचनाम्यांना खोटं रडणारे ढीगभर पाहिलेत. हा खोटं रडत नव्हता. आणि त्या रडण्याच्या मागे कोणीतरी आकडे ओरडत होतं, अकराशे, साडेअकराशे, बाराशे...”

“लिलाव,” तेजस्विनी म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “कांद्याचा लिलाव. खंडेराव बाजार समितीत हमाल आहे.”

मी मान हलवली. एक गाठ सुटली होती आणि दुसरी घट्ट झाली होती. जिवंत बहिणीसाठी माणूस खरं कसं रडेल?

“मला वाईट वाटतं,” निरभवणे म्हणाले. “मयत लिहायच्या आधी खात्री करायला हवी होती. पण पक्षाचे दिवस, समोर रडणारा सख्खा माणूस. त्याला काय दाखला मागू? आणि तसा मी आधी अर्जदाराच्या नंबरवरही लावला होता. दोनदा. उचललाच नाही कुणी. म्हणून तर मला जास्त खरं वाटलं.”

तेजस्विनी वहीत लिहीत होती. तिचं लक्ष नव्हतं.

मी पाण्याच्या टाकीपाशी गेलो आणि फोन काढला. मी जुने क्रमांक पुसत नाही. कसे पुसायचे ते मला येत नाही. सोळा सप्टेंबर. दहा वाजून बावन्न मिनिटं आणि दहा चौपन्न. नाव नसलेला एक नंबर, दोनदा.

अनोळखी नंबर मी उचलत नाही. काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणून वाजून थांबेपर्यंत वाट पाहतो. तेव्हा लंकाबाई माझ्याकडेच होती. दहा पावलांवर.

५

लासलगावला पोहोचलो तेव्हा दुपारचे लिलाव संपत आले होते. लाल कांद्याच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत आम्ही खंडेरावपर्यंत गेलो. साठीचा, रुंद खांद्यांचा माणूस. टोपीला कांद्याची पातळ टरफलं चिकटलेली.

तेजस्विनीने प्रस्तावना केली नाही. “तुमची बहीण मेली असं तुम्ही पोलिसांना सांगितलंत. का?”

त्याचा चेहरा मातीसारखा झाला. “पोलिसाला? मी नाय.”

“सोळा सप्टेंबर, अकराच्या सुमारास.”

“तो... तो पोलीस होता?” तो गोण्यांच्या थप्पीवर बसला. “मला वाटलं, कुणीतरी इचारपूस करतंय. मयताचा फोन सगळीकडं जातो ना बाई.”

“म्हणजे सांगितलंत.”

“मला काय इचारू नका.”

“संध्या मरतेय,” तेजस्विनी म्हणाली. “तुमची भाची. तिची आई तिकडे जाऊ शकत नाही, ते तुमच्या एका वाक्यामुळे. लंकाबाईंनी तिकडे जावं असं तुम्हाला वाटत नव्हतं का?”

“ओ बाई!” तो उठला. शेजारचे दोन हमाल वळून बघायला लागले. “मह्या बहिणीवर महा जीव हाय. तुमास्नी काय ठावं? जा इथून.”

तो जायला लागला. मला एकदम माझी आई आठवली. सिन्नरला, मी आठ वर्षांचा असताना, मामा गेल्याची तार आली. आई उंबऱ्यावर बसून ऊर बडवत होती. दिवेलागणीच्या आत दुसरी तार आली, मामा खुशाल आहे म्हणून, आणि आजी आईला म्हणाली, “रडलीस ना? झालं. वाचला तो.” आईने कुणालाही दोष दिला नाही. त्या रात्री आमच्याकडे गोड केलं होतं.

“खंडेराव,” मी म्हणालो. एवढ्या हळू म्हणालो की त्याला ऐकू गेलं याचंच मला नवल वाटलं. “लंकाबाईंना कावळा शिवला होता.”

तो पाठमोरा थांबला.

“डोक्याला कावळा शिवला की मरण जवळ आलं म्हणतात. ते चुकवायचं तर त्याच दिवशी रक्ताच्या माणसाला खोटा निरोप धाडायचा, की तो माणूस गेला. ऐकणाऱ्याने खरं रडायला हवं. त्याला आधी सांगून चालत नाही. पाणी डोळ्यांतून आलं की मरण फसतं, आणि दिवस मावळायच्या आत खरं सांगायचं. तुम्हाला सकाळी निरोप आला. तुम्ही इथे बसून रडत होतात, तेव्हाच पोलिसाचा फोन आला. तुम्ही खोटं बोललाच नाहीत. त्या वेळी तुमची बहीण तुमच्यापुरती मेलेली होती. म्हणून दुसऱ्या दिवशी लुगडं घेऊन गेलात. तिचं तोंड बघायला.”

खंडेरावने टोपी काढली आणि त्याच टोपीने डोळे पुसले.

“आक्कानं फोन केला होता,” तो म्हणाला. “साळूआक्कानं. म्हनली, खंडू, लंका गेली, मी रेल्वेनं येती, तू तिथंच थांब, संगंच जाऊ. चार घंटे मी मेलो हो इथं. मंग तिचाच फोन, की समदं खोटं हाय.”

“मग लिहून द्या ना एवढंच,” तेजस्विनी म्हणाली. तिचा आवाज आता वेगळा होता.

“नाय देता येत. आक्कानं शपथ घातलीया. ज्याच्यासाठी केलं त्याच्या कानावर गेलं, नायतर कुठं लिवलं गेलं, तर केलेलं उलटतं. लंकाच जाईल.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “आक्काला इचारा. तिनं सोडवलं तर देतो.”

६

साळूबाईचं गाव नांदगावच्या पुढे होतं. खंडेराव आमच्याबरोबर आला, पण घराबाहेरच बसला. साळूबाई सत्तरीपलीकडची, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. आम्ही कोण, कशाला आलो ते ऐकताना तिचे हात थांबले नाहीत.

“व्हय, म्याच धाडला सांगावा,” ती म्हणाली. “मंग? जगली ना मही बहीण? आमचा बाप कावळा शिवला तवा हसला व्हता. पंधरा दिस नाय काढले त्यानं. लंका बी हसली. मी कशी हसू?”

“त्या निरोपामुळे तिचा पासपोर्ट अडला,” तेजस्विनी म्हणाली. “सव्वादोन महिने. तिला संध्याकडे जाता आलं नाही.”

शेंग साळूबाईच्या बोटांत तशीच राहिली.

“सरकारी कामाला येळ लागतो, असं लंका म्हनत व्हती.”

“सरकारी नाही, आजी.”

तिने सूप बाजूला सारलं. मग एकदम माझ्याकडे बघून बोलली, तेजस्विनीशी नाही. “तू शिकलेला दिसतो. सांग मला. लिहून दिलं, तर उलटल का?”

आयुष्यभर मी पुस्तकांत वाचलेलं दुसऱ्यांना सांगत आलो होतो. असं काही नसतं, आजी, हे वाक्य मला येत होतं. मी ते म्हणालोही. पण ज्या बाईने बापाला पंधरा दिवसांत जाताना पाहिलं, तिच्यापुढे ते नुसतं वाक्य होतं.

“म्हंजी तुला बी ठावं नाय,” ती म्हणाली.

बाहेर खंडेराव खोकला.

“लंकाला जगवू, का तिच्या पोरीपाशी धाडू, असंच इचारताय ना मला? थोरलीला असलं इचारू नये रं.” ती भिंतीला टेकून उठली. “लिव्हा. पर खंडूनं सांगितलं असं नका लिवू नुसतं. मही अक्कल व्हती, असं लिव्हा वरती. काय उलटायचं ते मह्यावर उलटू दे. लंकाला मातर कळू देऊ नका. तिच्या पोरीचं दुखणं तिला पुरं हाय. बहिणीनं अडवलं, हे वरून नको.”

“नाही कळू देणार,” मी म्हणालो.

तेजस्विनीने दोन जबाब लिहिले. खंडेरावने सही केली. साळूबाईने अंगठा उठवला आणि शाईचं बोट पदराला न पुसता तसंच वर धरून बसली.

७

दुसऱ्या दिवशी ठाण्याने दुरुस्त अहवाल पाठवला. साहेबांनी शब्द पाळला. तेजस्विनीची नोटीस आधीच गेली होती, रिटचा मसुदा तिने पुराव्यांसह तयार ठेवला होता. तो दाखल करावा लागला नाही. बुधवारी माझ्या फोनवर मेसेज आला, पासपोर्ट छापला. मी तो लंकाबाईला तीनदा वाचून दाखवला. तिने त्याच दिवशी पिशवी भरली. संध्याला आवडतात म्हणून भुईमुगाच्या शेंगा भाजून घेतल्या. व्हिसाचं मस्कतहून मैत्रीण बघत होती.

गुरुवारी दुपारी त्या मैत्रिणीचा फोन आला. हा नंबर माझ्याकडे नावासकट होता. मी उचलला.

शुक्रवारी पोस्टमन पासपोर्ट घेऊन आला. पासपोर्ट ज्याचा त्यालाच देतात, म्हणून लंकाबाईला भिंतीपासून उठून दारात यावं लागलं. सही येत नव्हती. तिने अंगठा दिला.

मंगळवारी सकाळी आम्ही मुंबईला विमानतळाच्या मालवाहतुकीच्या इमारतीत होतो. लंकाबाई, खंडेराव, तेजस्विनी, मी. साळूबाई सातपूरच्या खोलीवर थांबली होती. इथे खोकी, पिंपं, ट्रॉल्या, औषधांची पार्सलं. बसायला एक लोखंडी बाक. तेजस्विनी कागद घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत जात होती.

बराच वेळ झाल्यावर लंकाबाई म्हणाली, “भाऊ, तुम्ही शोधून काढलं म्हनं. मला मेली कुणी सांगितलं ते.”

खंडेराव तिच्या पलीकडे बसला होता. त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबले.

“वकीलबाई त्यांच्या ऑफिसात बोलत व्हत्या, म्या ऐकलं. कुणामुळं झाला उशीर?”

खंडेराव उठला. त्याचं तोंड उघडलं होतं.

“माझ्यामुळे,” मी म्हणालो.

ती माझ्याकडे वळली.

“फॉर्मवर नंबर माझा होता. त्या दिवशी पोलिसाने आधी मला फोन केला. दोनदा. मी उचलला नाही. तुम्ही तेव्हा आत भाकरी करत होतात. मी उचलला असता, तर तुमच्या हातात दिला असता.” मला पुढचं वाक्य जमवायला वेळ लागला. “मी घाबरतो अनोळखी फोनला.”

हे सगळं खरं होतं. न्यायालयात मी हे शपथेवर सांगू शकलो असतो.

लंकाबाई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने उभ्या असलेल्या भावाकडे पाहिलं. त्याच्या मुठींकडे, त्याच्या तोंडाकडे. एकदाच तिचा हात कपाळावरच्या केसांपाशी गेला आणि खाली आला.

“बरं,” ती म्हणाली. “तुमच्यामुळंच.” आणि खंडेरावचा हात ओढून त्याला बाकावर बसवलं. “दादा, तू बस. तू काय बोलू नको. आक्काला बी सांग, काय बोलायचं नाय.”

खंडेराव बसला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून आवाज न करता रडायला लागला. तिने त्याला रडू दिलं. मी काही ऐकलं नाही असं दाखवत समोरच्या पार्सलांवरचे पत्ते वाचत राहिलो.

तेजस्विनीने खिडकीतून हाक मारली. आतल्या माणसाने विचारलं, ताब्यात कोण घेणार? नातं काय? ओळखपत्र? लंकाबाईने पिशवीतून नवाकोरा पासपोर्ट काढला आणि पुढे सरकवला. त्याने पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स काढली. मधली पानं त्याला लागली नाहीत.

पेटी ट्रॉलीवरून आली. पत्र्याने मढवलेली, वर प्लास्टिक, चारी बाजूंना छापील चिठ्ठ्या. ओढणारे दोघे ती सोडून बाजूला झाले. लंकाबाई पेटीभोवती एकदा हिंडली, प्रत्येक चिठ्ठीपाशी थांबत. मग तिने मला बोलावलं.

“भाऊ, वाचा. डोकं कोणत्या अंगाला हाय?”

मी चष्मा लावला. एका टोकाला इंग्रजीत लिहिलं होतं. नीट वाचलं, चूक होऊ नये म्हणून पुन्हा वाचलं.

“इकडे,” मी म्हणालो.

ती त्या बाजूला जाऊन उभी राहिली.